हजेरीच्या सह्या

कसबा पेठेतल्या त्या गल्लीत ललिताबाईंच्या शब्दाला वजन होतं. टोपल्या-सुपं विणण्यात त्यांची हयात गेली होती, आणि कुणाच्या घरी काय अडलंय हे त्यांना आधी कळायचं. म्हणूनच गल्लीच्या पुनर्विकासाचं काम घेऊन केयूर नावाचा तरुण वास्तुविशारद आला, तो पहिल्यांदा त्यांच्याच ओट्यावर टेकला.

त्याने नकाशा पसरला नाही. वीस फुटी बांबू आत कसा येतो, ओल्या कामट्या कुठे वाळवता, हे विचारलं. नंतर बैठका झाल्या, बायकांनी फरशीवर खडूने आपली गल्ली काढली. कारागीर तळमजल्यावरच राहणार, हे केयूरने सगळ्यांदेखत लिहून घेतलं.

समोरचे कल्हईवाले युसूफभाई मात्र बैठकीला फिरकले नाहीत. सगळ्यांना विचारून केलेलं काम अजून पाहण्यात नाही, म्हणायचे. ललिताबाई तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा युसूफभाई आले, हजेरीच्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "ही सही त्या पोरासाठी नाही. तुमच्यासाठी आहे."

दहा महिन्यांनी गल्लीच्या तोंडाशी आराखड्याचा फलक लागला. ललिताबाईंच्या लेकीने, अक्षताने, तो मोठ्याने वाचला. तळमजल्यावर कॅफे आणि हस्तकलेचं दालन. कारागिरांना सहाव्या मजल्यावर घरं. भट्टीवाल्यांना शहराबाहेर शेड. सोबत रहिवाशांची लेखी संमती, म्हणजे बैठकांचे तेच हजेरीचे कागद. खाली एक ओळ होती, ती वाचताना अक्षता अडखळली. दालनात प्रात्यक्षिक दाखवायला एकाच कारागिराला जागा होती. नाव ललिताबाईंचं.

केयूर फोन उचलेना, तेव्हा त्या कोथरूडला त्याच्या ऑफिसात गेल्या. त्याने पाणी दिलं. वरून सगळं बदललं, माझ्या हातात काही उरलं नाही, असं बराच वेळ सांगत राहिला. मग म्हणाला, "ताई, निदान तुमचं नाव तरी मी भांडून घातलं."

"घातलं नाहीस रे," ललिताबाई म्हणाल्या. "घालवलंस."

त्या परतल्या तोवर गल्लीने फलक वाचला होता. युसूफभाईंच्या दारात जाऊन त्या सांगू लागल्या, तर त्यांनी हातातलं पातेलं घासता घासताच ऐकलं. "बरं झालं," ते म्हणाले. "एकाला तरी विचारून केलं म्हणायचं."

ललिताबाईंनी अक्षताकडून आक्षेप लिहून घेतला: सह्या हजेरीच्या आहेत, संमतीच्या नाहीत, आणि इतरांना तळमजला मिळत नसेल तर मलाही नको. सुनावणीला गल्लीतले लोक आले, पण ललिताबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. त्या एकट्या उभ्या राहून बोलल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मान डोलावून टिपून घेतलं.

महिन्याभराने उत्तर आलं. आक्षेप अंशतः मान्य. अर्जदाराच्या विनंतीनुसार त्यांची दालनातली जागा रद्द. बाकी आराखडा कायम.

ललिताबाईंनी तो कागद फलकाशेजारी चिकटवला. लोक थांबून वाचत होते.

रविवारी युसूफभाईंचा टेंपो लागला. भट्टीचा भाता जड होता, एकट्याने उचलेना. ललिताबाई रस्ता ओलांडून गेल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. युसूफभाईंनी नको म्हटलं नाही. भाता टेंपोत चढवून झाल्यावर ते त्यांच्याकडे न बघता पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसले.