आवळलेला होल्डर

“भाऊजी, आधी तो हातोडा खाली ठेवा,” ती म्हणाली तेव्हा दिराचा हात डोक्याच्या वर गेलेला होता.

“एक शेवटचा, वहिनी. नाहीतर नेतो मशीन माझ्याकडे. कापून काढीन.”

घराला लागून असलेल्या त्या खोलीतलं धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यापासून दीर वहिनीची विचारपूस करायला येई आणि नजर मशीनवर ठेवी. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्याला कधी जमलंच नव्हतं. मनाचा वाईट नव्हता. बाईमाणूस एकटीने मशीन चालवील, हेच त्याला पटत नव्हतं. तिचं निम्मं आयुष्य मात्र नवऱ्याशेजारी याच मशीनवर गेलेलं. मशीन गेलं असतं तर तिच्या हातांना कामच उरलं नसतं. शेवटी ठरलं, अडकलेला होल्डर निघाला तर मशीन इथेच, नाहीतर टेम्पो दारात उभा होताच.

होल्डर म्हणजे कटर धरणारा पोलादी तुकडा, वर निमुळता. फिरत्या दांड्याच्या, म्हणजे स्पिंडलच्या, तशाच निमुळत्या पोकळीत तो बसतो आणि वरून एक लांब बोल्ट त्याला ओढून धरतो. बोल्ट थोडा सैल करून वर हलकेच ठोकलं की सुटतो. हा मात्र ढिम्म हलत नव्हता. तेल झालं, ठोकाठोकी झाली, शिव्याही झाल्या.

“हे रोज संध्याकाळी होल्डर काढून ठेवायचे,” ती म्हणाली. “त्या दिवशी दुपारभर मशीन चाललं होतं. मग कपाटातला हा गार होल्डर लावला, आवळला, आणि छातीला हात लावून खालीच बसले.”

दिराचा हातोडा आपोआप खाली आला. “म्हणजे स्पिंडल तापून फुगलेलं. नंतर निवलं आणि याला आवळून बसलं.”

“पेले एकात एक अडकले की आपण काय करतो? बाहेरचा गरम पाण्यात, आतल्यात गार पाणी.”

“हे धूड कुठल्या पातेल्यात बुडवणार?” तो हसला आणि हसता हसता थांबला. “चालवू या की! नुसतंच. आपोआप तापेल.”

कटर काढला, बोल्ट पुन्हा आवळला, मशीन सुरू केलं. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून तिचा ऊर भरून आला. बऱ्याच वेळाने मशीन थांबवून तिने हात लावला. खाली कोमट, वर चांगलंच गरम. डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हातोड्याला दाद न देणारं पोलाद नुसत्या उबेने आतल्या आत पसरत होतं. वर्षानुवर्षं ती हे मशीन पुसत आली होती, पण त्याच्या पोटात असं काही चालत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती थक्क होऊन बघत राहिली.

“वहिनी, बर्फ!”

तिने फडक्यात बांधलेला बर्फ होल्डरला लावून धरला. दिराने बोल्ट सैल करून पितळी हातोडीने हलकेच ठोकलं. टक्. बोल्ट पूर्ण काढताच होल्डर तिच्या ओंजळीत आला.

“आयला!” दीर म्हणाला आणि वहिनीसमोर बोललो म्हणून जीभ चावली.

मग तो टेम्पोवाल्याला परत पाठवायला गेला. ती होल्डर धरून तशीच उभी. हवं तेच झालं होतं, तरी तो तिच्या हातून खाली ठेवला जाईना. नळ, पंखा, दाराची कडी, नवऱ्याने आवळलेलं सगळं एव्हाना कुणी ना कुणी सैल केलं होतं. त्याच्या हाताचा जोर तेवढा या पोलादात टिकून होता, आणि तो आज तिनेच सोडवला. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं.

स्पिंडल पूर्ण निवल्यावर तिने आतून पुसलं, होल्डर बसवला आणि पाना फिरवला. एवढं पुरे का, असं विचारायला सवयीने तिची मान डावीकडे, नवऱ्याच्या जागेकडे वळली. मग तिनेच आणखी थोडं आवळलं आणि पाना खाली ठेवला.