वाटीभर मीठ

पहिली थप्पड बसली तेव्हा ठकी माझ्या मांडीवर होती. दुसरी येण्याआधी मी तिला पाण्याच्या पिंपामागे सरकवलं. तीन वर्षांची पोर. अशा वेळी ती रडत नसे, नुसता अंगठा चोखायची.

"मला एकट्याला धाडायलीस व्हय?" माझा नवरा रामकिसन ओरडला. "मी तिकडं हातानं भाकऱ्या थापू, अन् तू हितं बोईसरात राणी?"

माझ्या हातातला हिशेबाचा कागद त्याने चुरगळून माझ्या तोंडात कोंबू पाहिला. ओठ दातावर फाटला.

त्या कागदावर खोटं काहीच नव्हतं. दोन हजार साल उजाडण्याआधी कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करायला अमेरिकेत माणसं हवी होती. कारखान्यात कॉम्प्युटरवर सात हजारांत राबणाऱ्या रामकिसनला वर्षाला चाळीस हजार डॉलर मिळणार होते. तिकडे आधीच गेलेल्या त्याच्या मित्राने, बन्सीने, भाडं, गाडी, विमा, दूध, सगळ्याचे भाव पत्रातून कळवले होते. मी बी.कॉम. झालेली; रामकिसननेच मला हिशेब करायला बसवलं. आम्ही तिघं गेलो तर महिन्याला साडेपाचशे डॉलर उरत होते. तो एकटा बन्सीच्या खोलीत राहिला, तर चौदाशे. मी तीनदा पडताळून पाहिलं. तो आकडा त्याला पटेल, अशी माझी वेडी आशा.

आणि बन्सीच्या पत्रातली शेवटची ओळ मी कागदावर उतरवलीच नव्हती: 'इथं शेजारी मेला तरी कळत नाही, इतकी शांतता. वहिनींना फार आवडेल.'

आमची इथली भिंत एका विटेची. रामकिसनने माझे केस धरून डोकं त्याच भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. वरच्या फळीवरून डबा पडला आणि डाळ घरभर झाली. मग त्याने पट्टा सोडला.

"उद्या एजंटचा माणूस येतोय. तुमच्या दोघींच्या व्हिसाच्या फॉर्मवर सही कर."

"नाही करणार."

माझ्याच आवाजाने मी दचकले. पट्टा खांद्यावर बसला, मग पाठीवर, मग हात आडवा धरला म्हणून मनगटावर.

दार वाजलं.

"रत्नाबाय, वाटीभर मीठ हाय का गो?"

नवसी. शेजारची, दांडीच्या किनाऱ्यावरची सुकी मासळी विकणारी. तिच्या घरात मिठाची पोती छताला टेकलेली. तरी दोन वर्षं, भिंतीला हादरा बसला की ती वाटी घेऊन दारात उभी राही. मीठ घेईपर्यंत हलत नसे. तेवढ्यात याचा हात थंडावे.

"दिवेलागणीला मीठ मागती, लाज वाटती का?" रामकिसन धापा टाकत म्हणाला.

"लाज मना कशाला? मी नाय मारीत कोनाला."

इतकं उघड ती कधी बोलली नव्हती. पट्टा त्याच्या हातातच होता, पण दारात माणूस उभं होतं.

मी उठले. मिठाच्या बरणीला हात लावला नाही. ट्रंकेतून माझा पासपोर्ट काढला. ठकीचं नावही त्यातच चढवलेलं होतं. पोरीला पिंपामागून उचललं आणि नवसीच्या अंगाला घासून बाहेर पडले.

"कुठं निघालीस? ए!"

नवसी उंबऱ्यातून हलली नाही. "जा तू माझे घरा. तिकडं अमेरिकेत तुला कोन सोडवाया येनार हाय?" ती मला म्हणाली.

तिच्या खोलीत बोंबलाचा वास कोंदलेला. मी पोत्यावर टेकले. नवसी आली, कडी लावली. माझ्या हातातला पासपोर्ट घेऊन तिने तो मिठाच्या पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून, खुपसला.

"हितं कोन हात घालील?"

पलीकडून रामकिसन भिंतीवर बुक्क्या मारत होता. शब्द अन् शब्द ऐकू येत होता. आधी शिव्या, मग फॉर्म, मग "भाकर कोण करील?"

ठकीने अंगठा तोंडातून काढला आणि मोठ्याने रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही.

नवसीने हातातली वाटी पदराने पुसली आणि फळीवर उपडी घातली.