भरलेली बाटली

“पाणी प्यायचं न्हाई, मग हात कशाला करता?” लक्ष्मम्माने चमचा वाटीत आपटला.

महालिंगप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि चालणारा डावा हात पुन्हा भिंतीकडे उचलला. कालपासून हेच चाललं होतं. लकवा मारल्यापासून तिच्या नवऱ्याची वाचा गेली होती. हैदराबाद रोडवर जन्मभर ट्रक चालवलेला, हॉर्नपेक्षा मोठ्याने बोलणारा माणूस आता नुसता हात दाखवायचा. हात उचलला की पाणी, असं तिने ठरवून टाकलं होतं. ती उमरग्यातल्या एका दवाखान्यात आया होती. रात्रपाळी करून आलेल्या बाईला कोडी सोडवायचं त्राण नसतं.

भिंतीशी पिंजरा होता, त्यात गुंडू नावाचा पांढरा उंदीर. हैदराबादला नोकरी करणाऱ्या लेकीने, शिवप्रियाने, तो दिवाळीत आणला होता, अप्पांना सोबत म्हणून. रात्री डोकावून जाणारी शेजारीण तारामती हसायची, की लोक उंदराला औषध घालतात आणि तुम्ही बाटलीने पाणी पाजता. बाटली पिंजऱ्याला उलटी टांगलेली, तिच्या नळीच्या तोंडाशी एक छोटी लोखंडी गोळी. गुंडू जिभेने गोळी ढकलायचा आणि थेंब थेंब प्यायचा. त्या टकटक आवाजावर अप्पांचा डोळा लागायचा.

काल बाटली भरलेली दिसली, आजही तशीच. लक्ष्मम्माला बरंच वाटलं होतं. जिथे नळ आठवड्याने येतो, तिथे भरलेलं भांडं दिसलं की बाई निश्चिंत होते. तेवढंच एक काम कमी.

वाटी उचलताना तिला पिंजरा फारच शांत वाटला. गुंडू कोपऱ्यात पडून होता, केस विस्कटलेले, दाणे तसेच. तिने त्याला तळहातावर घेतलं. जुलाब झालेल्या लेकरांना बघतात तशी त्याची कातडी सवयीने चिमटीत धरली आणि सोडली. कातडी उभीच राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

तिने नळीला बोट लावलं. कोरडं ठणठणीत. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसून गोळी जाम झाली होती. दवाखान्यात कुणाचं सलाईन अडलं तर ते तिला दारातूनच कळायचं.

ती वळली. अप्पांचा हात अजून वरच होता.

“म्हंजी तुमी ह्येचंच सांगत व्हता,” ती हळू आवाजात म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली. “म्या बाटलीकडं बघितलं. तुमच्याकडं बघितलंच न्हाई.”

तिने बिनसुईच्या सिरिंजने पाणी सोडलं. पहिला थेंब मिशांवरून ओघळून गेला, दुसराही. मग इवलीशी गुलाबी जीभ बाहेर आली. गुंडू चाटू लागला, आधी सावकाश, मग हावरटासारखा. तिने लिंबू चोळून नळी साफ केली, बाटली टांगली आणि बोटाने गोळी हलवली. टक्क आवाज झाला, तसा अप्पांचा हात खाली आला.

तिने चमचा पुढे केला. या वेळी त्यांनी आपणहून तोंड उघडलं. एक चमचा, दुसरा, तिसरा. ते पीतच राहिले.

चमचा भरता भरता लक्ष्मम्माने त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. तीही उभीच राहिली. ती उठली आणि वाटी पुन्हा भरून आणली.