दोनदा परत आलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा तवा आहे. पण माझं हे जुनेपण नक्की कधी सुरू झालं, ते मला आजही उमगलेलं नाही. कारण मी जेमतेम तीन आठवड्यांचा असतानाच एका बाईंनी मला ‘वापरलेला’ ठरवून परत धाडलं होतं.

ओआहाका प्रांताच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यात, दोन्या एदुविहेस, म्हणजे एदुविहेसबाई, यांच्या अंगणात मी घडलो. दाणे काढलेल्या कणसाने त्यांनी माझी लाल माती पसरवली, ओढ्यातल्या गोट्याने मला घोटलं आणि आगीत भाजलं. पूर्वी त्या पाठीवर तव्यांची चळत बांधून आठवडी बाजारात जात. गुडघे गेले आणि ती वाट बंद झाली. मग सुनेने, यादिराने, त्यांना फोनवर विक्रीचं पान उघडून दिलं. तेवढंच आता त्यांचं दुकान. त्या पानाचा एक कडक नियम होता: तीन गिऱ्हाइकांनी तक्रारी नोंदवल्या आणि मागे घेतल्या नाहीत, की दुकानाला कुलूप.

मी पहिल्यांदा निघालो तो पुएब्ला शहरातल्या रेबेका नावाच्या बाईंकडे. निघण्याआधी दोन्यांनी मला दोनदा चुन्याची निवळी लावून तापवलं. तसं केलं की मक्याची भाकरी चिकटत नाही. आमच्याकडे लेक सासरी निघाली की आई तिच्या तव्याला असंच तयार करून देते. मी अगदी नटून निघालो होतो, मित्रांनो!

रेबेकाबाईंनी खोकं उघडलं, नाक मुरडलं आणि निरोप पाठवला: “पांढरे डाग पडलेला, वापरलेला तवा पाठवलात. पैसे परत करा.”

“वापरलेला?” दोन्या कडाडल्या. “पोटच्या पोरीसारखा सजवून पाठवला मी!”

“मग आई, पानावर लिहायचं ना, की ही निवळी आहे म्हणून.”

“हे काय लिहायचं? भाकरी तोंडाने खातात, हेही लिहू का?”

पैसे परत गेले, मी परत आलो आणि एक तक्रार नोंदली गेली. यादिराने मला काथ्याने घासघासून लखलखीत केलं आणि केरेतारोच्या उलिसेस नावाच्या तरुणाकडे पाठवलं. त्याने माझ्यावर भाकरी टाकली मात्र, तिने मला अशी मिठी मारली की शेवटी ती सुरीने खरवडावी लागली. “हा तवा आहे की डिंकाचा डबा? पैसे परत करा,” असं त्याने लिहिलं. दुसरी तक्रार.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? निवळी होती तेव्हा मी घाणेरडा, नव्हती तेव्हा मी निकामी. मी तर दोन्ही वेळी तोच होतो!

“या तव्याचा पायगुणच वाईट,” यादिरा म्हणाली.

“त्याला पाय कुठून आले? गप बस आणि लिही,” दोन्या म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी मला पुन्हा निवळी मिळाली आणि सोबत चिठ्ठी: पांढरं दिसतंय तो चुना आहे, काढू नका. मी निघालो हालापा शहरातल्या सेल्साबाईंकडे. त्या इस्पितळात कपडे धुण्याचं काम करत. वाटेत गाडीने असा काही गचका दिला की माझ्या काठापाशी काहीतरी झालं. काय झालं, ते मलाही कळेना.

सेल्साबाईंनी तक्रार नोंदवली: “तवा तडकलाय. पैसे परत.” या खेपेला दोन्यांनी लिहून उत्तर दिलं नाही, थेट फोन लावला. सेल्साबाईंनी फोन माझ्याशेजारी ओट्यावर ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“आई, तिनेच आपटला म्हणा! नाहीतर धुराची रेघ आहे म्हणा!” मागून यादिरा कुजबुजत होती. ती कुजबुज ओट्यापर्यंत स्पष्ट पोचत होती.

“सेल्साबाई, तव्याला बोटांवर तोलून धरा आणि काठाजवळ टकोरा मारा,” दोन्या म्हणाल्या.

“फोनवरून तवा बघणार होय तुम्ही?”

“बघणार नाही, ऐकणार. बाजारात सगळे असाच वाजवून घेतात.”

मित्रांनो, मी जीव एकवटला. मला खणखणायचं होतं. दोन्यांचं दुकान माझ्या आवाजावर टांगलेलं होतं. सेल्साबाईंनी टकोरा मारला आणि मी वाजलो, बद्द.

यादिरा हलकेच म्हणाली, “आई, आवाज नीट आला नाही म्हणा.”

“आला ना,” दोन्या म्हणाल्या. “तडकलाय हो, बाई. तुमचं खरं आहे. पैसे आजच पाठवते. तवा परत नको, वाटेत त्याचे तुकडे होतील.”

“अगंबाई!” सेल्साबाई बसल्याच. “मी दुपारपासून भांडायची तयारी करून बसले होते. आता तिचं काय करू?”

“जेवून घ्या.”

दोघी हसल्या. तेवढ्यात यादिराला राहवलं नाही. “ती तक्रार तेवढी काढा हो! तिसरी आहे. दुकान जाईल यांचं!”

“यादिरा!” दोन्या ओरडल्या. “तक्रार खरी आहे. ठेवायची का काढायची, ते त्या बघतील. पैसे त्यांना तसेही मिळणारच.”

सेल्साबाईंनी मला जपून ओट्यावर टेकवलं. मग त्यांनी फोन उचलून तक्रार मागे घेतली. “पैसे मिळणार, मग तक्रार कशाची करू?” त्या म्हणाल्या. “पण याचं काय करायचं ते तरी सांगा.”

“तड्यात दाट चुना भरा आणि मंद आचेवर मिरच्या भाजा. भाकरी मात्र टाकू नका, तिची मोठी आच त्याला सोसायची नाही.”

आज नऊ वर्षं मी सेल्साबाईंच्या चुलीवर मिरच्या भाजतो आहे. त्या शिंकतात, मला शिव्या देतात आणि काम झालं की फडक्याने हळूच पुसून ठेवतात. मित्रांनो, वस्तू परत करायची वेळ आली तर जरूर करा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त त्याआधी ती बनवणाऱ्याला एकदा विचारा. आणि तुम्ही बनवणारे असाल, तर आवाज बद्द आला की तसं सांगा. एवढं मला कळलं. एक मात्र अजून कळलेलं नाही: धडधाकट होतो तेव्हा दोन घरांनी मला परत पाठवलं, आणि तडकलो तेव्हा एका घराने ठेवून घेतलं, ते का?