मौन आणि दोन जोड बूट

“सकाळी उठल्याउठल्या बूट घ्यायला जायचं नाही, प्रमोदिनी. आधी पोरांना भरपूर चालवायचं. पाय जरा फुगला पाहिजे, मग माप घ्यायचं. आणि थोरल्याचे बूट धाकटीला द्यायचे नाहीत. कपडे दे, पुस्तकं दे, बूट नाही. ऐकून राहिली ना?”

माझे सासरे नानाजी हे सांगून गेले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा मी मान डोलावली होती. तरी गेल्या वर्षी विहंगचे जुने बूट मी गार्गीला घातलेच. पुढे कापूस कोंबला आणि वेळ भागवली. शाळेच्या शर्यतीत पोरगी धावता धावता बुटातून बाहेर आली आणि तोंडावर पडली. घरी येऊन गुडघा दाखवत म्हणाली, “आई, मी पुढेच होती. बूटच मागे राहिला.” सगळे हसले, तीही हसली. मी मात्र देवघरात जाऊन नानाजींच्या फोटोला हात जोडले आणि कबूल केलं, की पुढच्या जूनमध्ये दोघांनाही नवे घेईन.

जून आला. सोमवारी शाळा सुरू होणार होती आणि रविवारी बुटांचं दुकान बंद, म्हणजे उरला शनिवार, तोही दुपारी साडेबारापर्यंतच. शनिवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. रोजची तुळशीची प्रदक्षिणा, सोमवारचा उपास, तसंच हेही. माहेरच्या आजीनं त्याचे दोन नियम घालून दिले होते. मौन सुटल्यावर पहिला शब्द नकाराचा नको, आणि त्या शब्दानं जे कबूल होईल ते पाळायचं.

विहंग अकरा वर्षांचा आहे. त्याचे सतराचे पाढे अजून कच्चे आहेत, पण हे नियम पक्के पाठ आहेत. गेल्या महिन्यात एका शनिवारी बाराच्या ठोक्याला समोर येऊन त्यानं विचारलं, “आई, गोळा खायला पैसे देशील?” द्यावे लागले. गप्प राहून वेळ काढता आला असता, पण व्रताच्या आड लपणं मला पटत नाही.

नानाजींचं ऐकून नंदनवनातल्या घरून लकडगंजच्या बाजारापर्यंत आम्ही चालतच निघालो.

“ऑटो काहून नाही केला?” विहंगनं विचारलं. मी त्याच्या पायांकडे बोट दाखवलं.

“पाय फुगवून राहिली आई आपले,” गार्गीनं त्याला समजावलं. ती सात वर्षांची आहे आणि शनिवारी माझ्या वतीनं तीच बोलते.

ठोक भावानं बूट देणारं ते दुकान खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं होतं. मालक ओमप्रकाश स्टुलावर चढूनच बोलत होते. “या ताई! काय दाखवू?”

मी मुलांच्या पायांकडे हात केला.

“आईला ते आवडले,” विहंगनं लगेच सांगून टाकलं. काचेच्या कपाटात टाचेत लाल दिवा लागणारे काळे बूट होते. किंमत आठशे. माझ्या पाकिटात दोघांचे मिळून हजार. मी डोळे वटारले.

“ताईचे डोळे तर वेगळंच सांगून राहिले, भाऊ,” ओमप्रकाश हसले आणि साधे काळे बूट खाली उतरवले. “हे घ्या. साडेपाचशे.”

मी बूट हातात घेतला. नानाजी म्हणायचे, बूट बोटांपाशी वाकला तर घे, मधोमध दुमडला तर ठेवून दे. बोटांपाशी वाकला.

“बरं, पाचशे,” ओमप्रकाश म्हणाले.

मी टाच अंगठ्यानं दाबली. दबली नाही. मग उलटा करून तळाची शिलाई पाहिली.

“ताई, असं पाहू नका हो. चारशे ऐंशी. याच्या खाली मले परवडत नाही.”

“काका, आई भाव नाही करून राहिली,” गार्गी म्हणाली. “तिचं मौन आहे. बारा वाजेपर्यंत.”

ओमप्रकाश स्टुलावरून खाली उतरले. “म्हणजे मी एकटाच बोलून सत्तर रुपये कमी केले? अरे देवा! इथं बाया तासभर भांडतात तेव्हा वीस रुपये सुटतात!” मग स्वतःच मोठ्यानं हसले. “जाऊ द्या. बोललो ते बोललो. अन् या पोरीच्या जोडाचा सरळ शेवटचाच भाव सांगतो. चारशे वीस.”

दोन्ही मिळून नऊशे. मी मनातल्या मनात रामाचं नाव घेतलं. पण घड्याळात बाराला पाच कमी होते आणि विहंग ते दिव्याचे बूट घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. मी त्यांची टाच दाबून पाहिली. अंगठा आत गेला. तळ नुसता चिकटवलेला. त्यानं विचारलं की मला नाही म्हणता येणार नव्हतं, आणि मग गार्गीच्या नशिबी परत कापूस.

तिकडे गार्गी नवे बूट घालून खोक्यांच्या मधून धावत गेली आणि धावत परत आली. “आई, हे माझ्यासोबत येऊन राहिले!” ती ओरडली.

घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली. विहंग ते मोजत होता. दहा, अकरा, बारा. त्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि तेवढ्यात खोकी बांधता बांधता ओमप्रकाशच बोलले, “ताई, हे बूट रोज पुसून ठेवाल का? मग वर्षभर काही होत नाही त्यांना.”

“हो,” मी म्हणाले. “रोज.”

“गेला!” विहंगनं कपाळावर हात मारला. “पहिला शब्द गेला! काका, तुम्ही मधात काहून बोलले?”

“काय झालं गा? पुसू नका म्हणू काय?” ओमप्रकाश बिचारे गोंधळले. मला इतकं हसू आलं की पैसे देताना पाकीट हातातून पडलं.

उरलेल्या शंभरात आम्ही उसाचा रस घेतला. विहंगचा पहिला ग्लास रुसव्यात गेला. दुसऱ्या ग्लासाला तो म्हणाला, “मी विचारणारच होतो.”

“माहीत होतं मला.”

“मग गार्गीला माझे जुनेच दिले असते?”

“दुसरं काय केलं असतं रे?”

त्यानं ग्लासातला बर्फ तोंडात टाकला. गार्गी आपल्या खोक्याचं झाकण उघडून पुन्हा पुन्हा आत पाहत होती.

“तुले आधीच इतकी व्रतं आहेत,” तो बर्फ चघळत पुटपुटला. “त्यात आता बूट.”

सोमवारी दोघं शाळेतून आली ती बुटांवर चिखल घेऊनच. मी तुळशीपाशी दिवा लावत होते. तेवढ्यात विहंग एक जुनं फडकं घेऊन ओसरीत आला. मी पाहतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं स्वतःचे बूट बाजूला सारले, गार्गीचे मांडीवर घेतले आणि घासायला लागला. मी प्रदक्षिणा पुरी केली, आतून दुसरं फडकं घेतलं आणि त्याचे बूट पुसायला हळूच ओसरीकडे निघाले.