खळग्यात फिरलेली सुई

मी होकायंत्र बोलतोय. बोलतोय कसला, उत्तर दिशा कुठे आहे याखेरीज मला आजवर काही सांगता आलेलं नाही. विल्फ ऑलरेनशॉला मात्र तेवढं पुरायचं. चाळीस वर्षं मी त्याच्या गळ्यात होतो.

इंग्लंडातल्या आमच्या डर्बीशायरच्या डोंगरमाथ्यांवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धुक्यात वाट चुकून कितीतरी विमानं आदळली. त्यांचे अवशेष शोधत हिंडायचं विल्फला भारी वेड. सोबतीला शाळेपासूनचा दोस्त क्लेम. दोघं चिखलात रुतायचे, एकमेकांना शिव्या घालायचे आणि फ्रूटकेकवर चीजचा तुकडा ठेवून खायचे. अवशेषातला साधा खिळाही ते उचलत नसत. वैमानिकाच्या नावाचा छोटा लाकडी क्रूस तेवढा रोवून यायचे.

पण उचलेगिरी करणारे होतेच. म्हणून या दोघांची एक रीत होती. जागेचा नकाशावरचा आकडा वहीत लिहायचा तो शेवटचे दोन अंक उलटे करून. वही चोराच्या हाती लागली तरी चोर भलत्याच दलदलीत.

एका विमानाचं इंजिन बारा वर्षं हुलकावणी देत होतं. गेल्या सप्टेंबरात क्लेमच्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवला, म्हणून विल्फ एकटाच वर गेला. वाऱ्याला आडोसा म्हणून एका खळग्यात चहाला बसला आणि माझी सुई गर्रकन फिरली. विल्फने लगेच काठी खुपसली. खाली लोखंड वाजलं.

म्हातारा तिथेच बसून रडला. मग त्याने वही काढली. "हे क्लेमसाठी आहे. त्याच्यापासून कसली लपवाछपवी," असं पुटपुटत त्याने आकडा सरळ लिहिला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. बायकोला, एनिडला, तो एवढंच म्हणाला, "इंजिन सापडलं. वसंतात क्लेमला तिथे नेऊन चकित करतो. क्रूस त्यानेच रोवायचा."

नोव्हेंबरात विल्फचं हृदय थांबलं.

एप्रिलमध्ये एनिडने वही, क्रूस आणि मला क्लेमच्या हवाली केलं.

"त्याचं शेवटचं काम आहे, क्लेम. नीट कर. आणि आकडा उलटा असेल हं."

"मला शिकवतेस? ती युक्ती मुळात माझी," क्लेम म्हणाला, आणि त्याने चौतीसचे त्रेचाळीस केले.

मी त्याच्या गळ्यातच होतो. अरे, तो आकडा सरळ आहे, असं ओरडावंसं वाटत होतं. सुई आपली उत्तरेकडे.

त्या गुडघ्यानिशी तो खळग्याच्या पुढे अर्धा मैल गेला. तासभर काठीने चिखल उकरत राहिला. काही लागेना.

"लागत नाही रे काही, विल्फ. पण तू कधी चुकला नाहीस, लेका," असं म्हणून त्याने क्रूस तिथेच रोवला.

उतरताना वारा झोंबायला लागला, तसा आडोसा बघून तो खळग्यात बसला. तोच खळगा. त्याने चहा ओतला, सवयीने दोन पेल्यांत. माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून मी सुई फिरवली.

क्लेमने पाहिलं. काचेवर टिचकी मारली. मग स्वतःच्या गुडघ्याकडे बघून हसायला लागला.

"माझ्या लोखंडी गुडघ्याला भुललास होय रे? विल्फ असता तर पोट धरून हसला असता." दुसऱ्या पेल्यातला चहा त्याने गवतावर ओतला. तो झिरपत इंजिनापर्यंत गेला असेल. मग मला खिशात टाकून तो निघाला.

आता मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या खणात सुतळीच्या गुंड्याशेजारी पडलोय. 'गुडघ्यामुळे वाया गेला बिचारा,' असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. एनिडला वाटतं, काम झालं. क्रूस मात्र मोकळ्या माळावर एकटा उभा आहे.

तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल आणि त्याची सुई कधी भलतीकडे वळली, तर हसण्याआधी जरा पायाखाली बघा. आम्हाला याहून मोठ्याने बोलता येत नाही हो.