कालव्याकडे ओढणारी गाडी

हाती सुकाणू आल्यावर माणूस सरळ जातो की नाही, यातच त्याची खरी परीक्षा असते. आमच्या गल्लीतली सातही घरं या परीक्षेत नापास होती. सात घरांत मिळून एकच मालवाहू सायकल, आणि गल्लीतून बाहेर जाताना ती डावीकडे ओढायची. डावीकडे कालवा आहे.

सायकल साधी आहे: पुढे दोन चाकं, त्यांवर लाकडी पेटी, मागे एक चाक आणि चालवणारा. येताना ती उजवीकडे ओढायची, पण येताना पेटीत बटाटे असत. त्यामुळे तो दोष बटाट्यांवर गेला.

सगळ्यांची सवय झाली होती, पण वीबेला ती परवडणारी नव्हती. त्याची बायको हिल्ट्ये गुडघ्यांमुळे जानेवारीपासून उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. रविवारी दोन वाजता पुलापलीकडे तिच्या बहिणीचा, यिकेचा, सत्तरावा वाढदिवस होता. वीबे तिला पेटीत बसवून नेणार होता.

"आधी गाडी सरळ कर," हिल्ट्ये म्हणाली. "कालव्यातच जायचं असतं तर लग्नाऐवजी तेव्हाच गेले असते."

आमच्याकडे सामाईक वस्तूला सभा घेतल्याशिवाय पाना लावत नाहीत. सभा माझ्या घरी झाली. प्रत्येकी एक कॉफी, एक बिस्किट, मग डब्याचं झाकण बंद. हँडलपासून चाकांपर्यंत जाणारी सळई फिरवून लांब करायची, एवढं ठरायला चाळीस मिनिटं लागली. किती फेरे, यावर गाडी अडली. वीबे म्हणत होता तीन. पाणी खात्यातून निवृत्त झालेला कूर्ट म्हणत होता, आधी एक फेरा द्या आणि महिनाभर बघा.

"महिन्याभरात यिके एकाहत्तराव्यात शिरेल," वीबे म्हणाला.

"घाईत फिरवलेली सळई पुन्हा फिरवावी लागते."

शेवटी दोन फेऱ्यांवर सगळ्यांचं एकमत झालं, म्हणजे कुणाचंच समाधान झालं नाही.

वीबेने सांधे पुसले, ग्रीस भरलं, नट सैल करून सळईला दोन फेरे दिले आणि नट पुन्हा आवळला. मग तो पुलापर्यंत गेला. थोडी ओढ उरली होती. गाडी हाताने ढकलत तो परत आला आणि कुणाला न सांगता तिसरा फेरा दिला. आता हँडल सरळ धरलं की गाडी रेषेत जायची. कूर्टने स्वतः चालवून पाहिली आणि दोन फेरे पुरल्याबद्दल सभेचं अभिनंदन केलं.

रविवारी पावणेदोनला हिल्ट्ये उशी घेऊन पेटीत बसली. नवा गळपट्टा, मांडीवर सफरचंदाचा केक. कूर्ट आणि मी फुलं घेऊन बाजूने चालत होतो. गल्लीभर गाडी अशी सरळ गेली की हिल्ट्येने खिडक्यांकडे बघून हात हलवला.

पूल ओलांडला आणि गाडी उजवीकडे वळली. थेट कुणाच्या तरी कुंपणात शिरली.

"हे काय?" हिल्ट्येने विचारलं. तिच्या टोपीवर पानं होती. केक शाबूत होता.

"हँडल तर सरळ आहे," वीबे म्हणाला.

"मग मी वाकडी बसलेय का?"

कूर्टने फुलं माझ्याकडे दिली, खाली वाकला आणि एक डोळा मिटून रस्त्याकडे पाहिलं. मग मागे वळून आमच्या गल्लीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इथे रस्ता सपाट आहे," तो म्हणाला. "आपला कालव्याकडे खचलाय. चांगला वीतभर. गाडी पहिल्यापासून सरळच होती."

"तू तीस वर्षं काय मोजत होतास?" हिल्ट्येने विचारलं.

"जमिनीची पातळी. पण दुसऱ्या तालुक्यात."

वीबेने खिशातून पाना काढला.

"दोन फेरे उलटे," कूर्ट म्हणाला.

"तीन."

"ठरले होते दोन."

"तीन," वीबे म्हणाला, आणि कूर्टने विषय वाढवला नाही.

आम्ही दोन वाजून नऊ मिनिटांनी पोचलो. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या, दरवाज्याजवळची रिकामी होती. हिल्ट्येने आठ महिन्यांची उणीव भरून काढत सगळ्यांचे हात हातात घेतले, आमच्याकडच्या वाढदिवसाच्या रीतीप्रमाणे सगळ्यांचं अभिनंदन केलं, अगदी यिकेच्या शेजारणीचंसुद्धा. सहापर्यंत ती उठली नाही.

परतताना वीबे पुलावर थांबला आणि सळईला आणखी तीन उलटे फेरे दिले; आता कालवा उजवीकडे होता. पुढचे चार रविवार तो घरून निघताना सहा सुलटे आणि पुलावर जाता-येता तीन-तीन उलटे फेरे देत राहिला. हिल्ट्ये पेटीत बसून मोजायची. ती आता बाजारातही जाऊ लागली होती.

पण हे कायमचं नको, म्हणून कूर्टने सभा बोलावली आणि रस्ता खचल्याची रीतसर तक्रार आम्ही सातही घरांच्या सह्यांनिशी नगरपालिकेला पाठवली. उत्तर तीन आठवड्यांत आलं, अतिशय नम्र. तक्रार खरी आहे, रस्ता वाळू भरून उचलला जाईल. काम सोमवारी सुरू झालं. पुढच्या मे महिन्यापर्यंत गल्ली चाकाच्या वाहनांना बंद आहे.